गाडी अडली आमच्याच पाइपवर

मला भांड्यांच्या दुकानात कुणी बरोबर नेत नाही. एकदा शेजारणीबरोबर न्यू पनवेलच्या बाजारात डबा घ्यायला गेले. सात डबे उघडले, सातांच्या काठांवरून आतून बोट फिरवलं आणि सातही परत ठेवले. दुकानदार म्हणाला, "काकू, डबा घ्यायचाय की सोयरीक जमवायचीय?" शेजारीण लाजून दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. आता मी काय करणार? एकतीस वर्षं मी पगार घेतला तो ह्याच बोटासाठी.

पाताळगंगेच्या बाजूच्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात होते. आम्ही गाड्यांच्या ब्रेकचे रबरी पाइप बनवायचो. ब्रेकवर पाय दिला की तेलाचा दाब ज्यातून चाकापर्यंत पोचतो, तो वीत-दीड वीत लांबीचा पाइप. त्याच्या टोकाला धातूची टोपी मशिनने दाबून बसवायची. ती नीट दाबली गेली नाही तर आज काही होत नाही, उद्याही होत नाही. कधी होईल आणि कुणाला होईल, तेही सांगता येत नाही. म्हणून तर त्या टोपीवर माझा जीव टांगलेला असायचा.

आमचे हे मात्र माझ्या कामाला काम म्हणायलाच तयार नसायचे. हे न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचे. सासऱ्यांची शेती आणि मिठागर बंदरात गेलं, आणि त्याच बंदरातून ह्यांनी तीस-एक वर्षं दुसऱ्यांचे कंटेनर बाहेर काढले. "मी चालिस फुटी घेऊन जातंय, न् तू दिवसभर टोप्या चाचपतंस," असं चिडवायचे. मी म्हणायचे, "टोप्या चाचपल्या नाहीत तर तुमचं चाळीस फुटी समुद्रात जाईल." माझी बोली कंपनीत राहून घासली गेली, ह्यांची होती तशीच राहिली. बरं झालं, नाहीतर घरात भांडायला मजा आली नसती.

ह्यांना एक मोठी बहीण. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा तिनेच ह्यांना वाढवलं. तिला दिलीय आपट्याला, अगदी नदीकाठी. ट्रेलर घेऊन गोवा रस्त्याने जाताना कर्नाळ्याची खिंड उतरली की पुढे आपट्याचा फाटा लागतो. ट्रेलर गावात कुठे वळवणार? म्हणून हे फाट्यावर नुसता हॉर्न द्यायचे, लांबलचक, आणि पुढे निघून जायचे. ताई म्हणायच्या, "मना यायचा ना आयकू." गाव फाट्यापासून चांगलं आत आहे, हॉर्न कसला ऐकू येतोय! पण त्यांना ऐकू यायचा, आणि त्यावरून त्यांच्याशी वाद घालायची माझी छाती नव्हती. रिटायर झाल्यावर ह्यांच्या डोक्यात एकच होतं. स्वतःची गाडी घ्यायची, स्वतः चालवत फाट्यावरून आत वळायचं आणि ताईच्या दारात उभी करायची.

त्यातच डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. समोरचं स्वच्छ दिसतं, पण बाजूचं कडेकडेने कमी होत जातं, आणि माणसाला पत्ताच लागत नाही. डॉक्टरीण बाईंनी ह्यांना एका पेटीत तोंड घालून बसवलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. बरेच ठिपके ह्यांना दिसलेच नाहीत. बाई म्हणाल्या, "सध्या दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर, जपून चालवा. संक्रांतीनंतर पुन्हा तपासू, मग ठरवू." हे घरी आले, चप्पलही न काढता म्हणाले, "गाडी आताच घ्यायची. संक्रांतीच्या आत."

श्रावणात बुकिंग केलं. मोठी नव्हे, साधीच, पांढरी. शोरूमचे टायवाले साहेब म्हणाले दसरा. दसऱ्याला म्हणाले दिवाळी. दिवाळीला म्हणाले, "सर, थोडं पार्ट शॉर्टेज आहे, पण तुमची गाडी लायनीत एकदम पुढे आहे." हे रोज सकाळी अंघोळ करून त्यांना फोन लावायचे. मी ऐकायचे आणि मनातल्या मनात हसू दाबायचे, कारण ही भाषा माझ्या ओळखीची. आम्हीही गिऱ्हाइकाला सांगायचो, "माल ट्रकमध्ये भरतोय," आणि इकडे रबर अजून भट्टीतसुद्धा गेलेलं नसायचं.

शेजारणीची जुनी गाडी कव्हरखाली पडून होती. ती म्हणाली, "भाऊ, ही घेऊन जा की आपट्याला." हे म्हणाले, "नको वैनी. दुसऱ्याची गाडी जन्मभर चालवली." मी चहा ठेवायला आत गेले.

मार्गशीर्षातली गोष्ट. भाजी घेताना माझी जुनी सहकारीण भेटली. माझ्या हाताखाली शिकली, आता माझ्या जागेच्याही वर, सगळ्या तपासणी खात्याची प्रमुख आहे. मेथी निवडता निवडता मी गाडीचं गाऱ्हाणं लावलं. कुठली गाडी म्हणून तिने विचारलं, मी सांगितलं. तिचा चेहरा पडला. "मॅडम, ती गाडी आमच्यामुळेच अडलीय. आमचा एक लॉट मी होल्डवर टाकलाय. सगळं पहिल्यापासून तपासतोय. पाइप नाहीत म्हणून त्यांच्या गाड्या उभ्या आहेत."

अगं बाई! म्हणजे शोरूमच्या नावाने मी चार महिने बोटं मोडली आणि गाडी अडली होती आमच्याच पाइपवर. ह्यांना सांगायची हिंमत झाली नाही. मेथी घेऊन घरी आले आणि गप्प बसले.

कदाचित गप्पच राहिले असते. पण दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं खांदा कॉलनीतल्या रस्त्यावरून चालत होतो. उजवीकडून केळीवाल्याची हातगाडी आली, अगदी हाताच्या अंतरावर. ह्यांना ती दिसलीच नाही. मी दंड धरून मागे ओढलं. केळीवाला ओरडला, "दिसत नाय का?" हे उलट त्याच्यावरच खेकसले, "हॉर्न नाय का तुला?" हातगाडीला कसला हॉर्न! एरवी मी हसले असते. त्या दिवशी घरापर्यंत मी ह्यांचा दंड सोडला नाही. संक्रांत तोंडावर होती. ह्यांच्या हातात फार दिवस नव्हते, आणि ते ह्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं, म्हणून तर खेकसले.

मी खोटं बोलणार नाही. घरी येऊन, हे आडवे झाल्यावर, मी गॅलरीत जाऊन तिला फोन लावला.

"तो लॉट. किती पीस वाईट आहेत?" मी विचारलं.

"एकाच मशिनवरचे आहेत, मॅडम. टोपी कमी दाबली गेलीय. केसभरच. दाबाच्या चाचणीत पास होतायत, पण मापात नाहीत."

"पास होतायत ना? मग डेव्हिएशनवर सोडता येईल की."

डेव्हिएशन म्हणजे माप थोडं चुकलंय हे मान्य करून, सही करून, माल पुढे सोडणं. कागद एकच असतो, आणि त्याच्या खाली तपासणीवाल्याची सही लागते. मग ती हळू म्हणाली, "मॅडम, तुम्ही विचारताय?"

माझे कान तापले. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "सापडलं कसं पण?"

"मशिनवरच्या बाईने दोरी ओढली. दाबताना आवाज वेगळा आला म्हणाली. लाइन थांबली, सगळे साहेब धावत आले. पण कुणी तिला 'का थांबवलीस' विचारलं नाही. 'काय दिसलं' एवढंच विचारलं. तुमचाच नियम आहे, मॅडम. अजून पाळतो आम्ही."

तो नियम मी का केला, हे ना तिला माहीत, ना ह्यांना. आता लिहितेच आहे तर लिहून टाकते.

मी कामाला लागले तेव्हा तपासणी म्हणजे शेवटचं टेबल. वर ट्यूबलाइट, समोर पाइपांचा ढीग, हातात माप तपासायचा गेज. गेज बसला तर चांगला, नाही बसला तर लाल रंगाचा ठिपका आणि लाल पेटीत. बनवणारे बनवत राहायचे आणि आम्ही वाईट वेचत राहायचो, तांदळातले खडे वेचावे तसे. लाल पेटी भरली की प्रॉडक्शनवाले आमच्यावरच डाफरायचे, जसे काही पाइप आम्हीच बिघडवले. मशिनवरच्या बायांना कळायचं, आज मशिन नीट चालत नाही म्हणून. पण बोललं की पहिला प्रश्न यायचा, "का थांबवलंस?" तो प्रश्न ऐकला की पुढच्या वेळी कोण थांबवतंय?

अशाच एका महिनाअखेरीला ट्रक फाटकात उभा होता. एका लॉटच्या टोप्या केसभर कमी दाबलेल्या निघाल्या. चाचणीत पास होत होत्या. साहेब कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "बाई, गिऱ्हाइकाची लाइन बंद पडेल. सही करा, काही होत नाही." मी नवीन होते, मला तिसरा महिना लागला होता, नोकरी हवी होती. मी सही केली.

त्याच आठवड्यात, एका दुपारी, हे वेळेच्या आधीच घरी आले. पाणी मागितलं, अख्खा तांब्या रिकामा केला आणि मग सांगितलं. कर्नाळ्याची खिंड उतरताना ट्रेलरच्या ब्रेकचा हवेचा पाइप फुटला होता. कसाबसा कडेच्या डोंगराला घासून ट्रेलर थांबवला. तो पाइप आमचा नव्हता, आम्ही लहान गाड्यांचेच बनवायचो. पण तो कुणीतरी तपासला होताच ना? त्याच्या कागदाखालीही कुणाची तरी सही होती. मी ह्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझ्या त्या लॉटचं पुढे काय झालं, मला कधीच कळलं नाही. आजही कळलेलं नाही.

मग पुढे काळ बदलला. बाहेरून गाडी कंपन्यांचे पाहुणे आले, काय काय तपासायचं त्याच्या जाडजूड याद्या आल्या. शेवटचं टेबल हळूहळू गेलं. प्रत्येक मशिनपाशी तपासणी आली. पाइप उलटा लावायला गेलं तर बसणारच नाही असे साचे आले, कॅमेरे आले. मशिनच्या डोक्यावर दोरी आली. शंका आली तर ओढायची, सगळी लाइन थांबते. सुरुवातीला दोरीवर धूळ बसली होती. ओढायचा कुणाला धीर होत नव्हता. तेव्हा मी मोठ्या साहेबांशी भांड भांड भांडले आणि भिंतीवर रंगाने लिहून घेतलं, "काय दिसलं विचारा. का थांबवलं विचारू नका." सगळ्यांना वाटलं, बाई फार हुशार. हुशारी कसली? ती माझी जुनी सही होती, भिंतीवर लिहिलेली.

एवढं सगळं फोन कानाला लावून मनात येऊन गेलं. ती तिकडे वाट बघत होती.

"सोडू नकोस," मी म्हटलं. "कुणाचाही फोन आला तरी सोडू नकोस. माझा पुन्हा आला तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर मी ह्यांना सगळं सांगितलं. लॉट, फोन, आणि ती जुनी सहीसुद्धा. भिंतीवरच्या ओळीपर्यंत सगळं. ह्यांनी बशी खाली ठेवली.

"मंजे गाडी तुज्या हातात व्हती?"

"हातात नव्हती. पण मी मागितली, आणि मग नको म्हटलं."

"संक्रांत आली, गो." एवढंच बोलले.

त्यानंतर दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. जेवायचे, ताट उचलायचे, टीव्हीसमोर बसायचे. शोरूमला फोनही केला नाही. ह्यांचा आरडाओरडा मला चालतो, त्याची सवय आहे. हे गप्प बसणं सोसत नव्हतं. मी बरोबर वागले होते, हे मला ठाऊक होतं. तरी ह्यांच्याकडे बघून रडू यायचं, आणि स्वतःचाच राग यायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "तू क्लास लाव. गाडी शिकायचा."

"या वयात? हात-पाय मोडून घेऊ?"

"मंग कोन चालवल? तुज्या त्या टोप्या?"

मी क्लास लावला. संध्याकाळी शेजारणीच्या जुन्या गाडीवर सराव. तीही म्हणाली, एकदाचं कव्हर तरी निघालं. बांधकाम व्हायचं बाकी असलेल्या मोकळ्या प्लॉटांच्या रस्त्यावर हे मला घेऊन जायचे. ह्यांच्यासारखा वाईट मास्तर उभ्या रायगडात मिळायचा नाही. मी ब्रेक मारला रे मारला की ओरडायचे, "का थांबवलीस? का मारलास ब्रेक?" आणि डाव्या सीटवर बसून ह्यांचा उजवा पाय सारखा खाली दाबलेला असायचा. तिथे ना ब्रेक ना काही, नुसती चटई. ती चटई ह्यांनी पार झिजवली. शेजारणीला मी दुसरी आणून दिली.

संक्रांतीनंतर डोळ्यांची तपासणी झाली. पेटीत तोंड घालून बसले, बटण दाबत राहिले, आणि बाहेर आले. डॉक्टरीण बाईंनी कागद माझ्याकडे दिला, ह्यांच्याकडे नाही, तेव्हाच मला कळलं. "आता चालवायची नाही," त्या म्हणाल्या. रिक्षात हे सगळा वेळ समोर बघत होते. घर आल्यावर खिशातून लायसन्स काढलं आणि देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं. मी खण बंद केला. माझ्या एका फोनने ते दिवस मिळाले असते, की नसते, देव जाणे.

गाडी होळीच्या आधी आली; तोवर माझं लायसन्सही हातात पडलं होतं. टायवाले साहेब पेढे घेऊन उभे. हार, नारळ, चाकाखाली लिंबू. मी सवयीने दारांच्या फटींवरून बोट फिरवायला गेले तर बघते तो काय, दुसऱ्या बाजूने हे आधीच फिरवत होते. डोळे मिटून, सावकाश, अख्ख्या गाडीभोवती. साहेब म्हणाले, "सर, सगळं चेक केलेलं आहे." हे म्हणाले, "कोनी केलाय ते मना म्हायत हाय." मी तोंड दुसरीकडे फिरवलं.

त्याच रविवारी सकाळी आपट्याला निघालो. मी चालवतेय, हे डावीकडे. पळस्पे गेलं, शिरढोण गेलं. ह्यांचा पाय आपला चटईवर दाबलेला. कर्नाळ्याची चढण चढले आणि खिंड उतरायला लागले तसे हे बोलायचे थांबले. का, ते मला कळत होतं. मी गियर खाली घेतला.

मधल्या वळणावर डावीकडच्या झाडीतून एक वानरी पोटाशी पिल्लू धरून थेट रस्त्यावर उतरली. मी सगळा जीव पायात आणून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, हूं की चूं नाही. मागचा टेम्पोवाला हॉर्न मारून बाजूने निघून गेला. मी डोळे घट्ट मिटले आणि ह्यांच्या ओरडण्याची वाट बघू लागले.

"काय दिसलं?" ह्यांनी विचारलं.

मी डोळे उघडले. "वानरी," मी म्हटलं. "तुमच्या बाजूने आली. पिल्लू होतं."

"मना नाय दिसली," हे म्हणाले. इतक्या महिन्यांत हे वाक्य ह्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं.

वानरी कठड्यावर चढून गेली. मी गियर टाकला. ह्यांनी चटईवरून पाय उचलला, चपला काढल्या आणि सीटवर आरामात मांडी घातली.

"चल आता," म्हणाले. "फाट्यावर हॉर्न दे. ताई आयकत बसली आसंल."